सिकलसेल, फ्लू आणि पुण्यातील एक धर्मादाय रुग्णालय : आंतररुग्ण सेवेचे परीक्षण

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या प्रौढ रुग्णाला फ्लूमुळे दाखल करावे लागले, तर रुग्णालयाची खरी परीक्षा दाखल केल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते, जेव्हा ताप उतरू लागलेला असतो आणि घरची माणसे निर्धास्त होऊ पाहत असतात. पुण्यातील ज्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयाच्या सेवेविषयी मी हे लिहीत आहे, ते या परीक्षेत उतरले. मात्र त्याआधीच्या काही तासांत तेथे जे घडले, ते घडायला नको होते. दोन्ही गोष्टी सविस्तर लिहिण्याचे कारण असे की विदर्भातून आणि नंदुरबारकडून शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुण्यात आलेली असंख्य सिकलसेलग्रस्त मुले-मुली येथे एकट्याने राहतात, आणि आजारपणात कोणत्या दारात जावे, गेल्यावर काय मागावे हे त्यांना सांगणारे कोणी जवळ नसते. रुग्णालयाचे नाव मी देत नाही, कारण येथे नोंदवलेल्या उणिवा एखाद्या इमारतीच्या नसून सवयीच्या आहेत, आणि वाचकाने त्या आपल्या जवळच्या रुग्णालयात तपासून पाहाव्यात अशी माझी इच्छा आहे.

रुग्ण माझा धाकटा भाऊ. आम्ही मूळचे भंडारा जिल्ह्यातले. आई-वडील दोघेही वाहक, म्हणजे सिकलसेलचे एकच जनुक असलेले; मीही वाहक आणि तो एसएस पॅटर्नचा, म्हणजे दोघांकडूनही ते जनुक आलेला प्रत्यक्ष रुग्ण. वय पंचविशीच्या आसपास, स्पर्धा परीक्षेची तयारी, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणे आणि दिवसभर अभ्यासिकेत बसणे, असा त्याचा दिनक्रम. पावसाळ्यात खिडक्या बंद असलेल्या अभ्यासिकेत एकाला फ्लू झाला की तो पूर्ण खोलीत फिरतो. इतर मुले चार दिवस अंथरुणात काढून परत पुस्तकाला लागतात. माझ्या भावाच्या बाबतीत तसे गृहीत धरता येत नाही, आणि ते का धरता येत नाही हे स्पष्ट झाल्याशिवाय रुग्णालयाने काय बरोबर केले व काय चुकवले हे वाचकाला समजणार नाही.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील एक अमिनो आम्ल बदललेले असते. प्राणवायू कमी झाला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून कांड्या तयार करते, लाल पेशी कडक व विळ्यासारख्या होतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. फ्लू, आरएसव्ही (श्वासमार्गाचा आणखी एक विषाणू) किंवा कोविडचा विषाणू श्वासमार्गाला सूज आणतो, फुप्फुसाच्या काही भागात हवा नीट पोहोचत नाही, तेथून जाणाऱ्या रक्ताला प्राणवायू कमी मिळतो, त्यामुळे पेशी आणखी अडकतात आणि प्राणवायू आणखी घटतो. त्यातच हाडांतील रक्तपुरवठा तुटून मज्जेतील चरबीचे कण फुप्फुसात जाऊन बसू शकतात. एसएस पॅटर्नच्या प्रौढांची प्लीहा (रक्तातील जंतू गाळणारा पोटातील अवयव) बहुधा बालपणीच निकामी झालेली असते, म्हणून विषाणूच्या पाठोपाठ न्यूमोकोकससारखे जिवाणू आले तर त्यांना अडवणारी पहिली फळीच नसते. या सगळ्याचा परिणाम म्हणून छातीच्या एक्स-रेवर नवी सावली, सोबत ताप किंवा श्वासाचा त्रास, असे जे चित्र तयार होते त्याला डॉक्टर ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणतात. सिकलसेलच्या प्रौढांच्या मृत्यूचे हे एक प्रमुख कारण आहे.

या विषयावरचा सर्वांत महत्त्वाचा अभ्यास २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. ३० केंद्रांतील ५३८ रुग्णांच्या ६७१ प्रसंगांची त्यात नोंद आहे. त्यातील जवळपास निम्मे रुग्ण छातीच्या तक्रारीसाठी दाखल झालेलेच नव्हते. ते दुसऱ्याच कारणाने, मुख्यतः वेदनेच्या क्रायसिससाठी, म्हणजे पेशी अडकल्याने अचानक उठणाऱ्या तीव्र वेदनेसाठी आले होते, आणि एक्स-रेवरील बदल दाखल झाल्यानंतर सरासरी अडीच दिवसांनी दिसला. १३ टक्क्यांना कृत्रिम श्वसनावर ठेवावे लागले आणि ३ टक्के दगावले. वीस वर्षांवरील रुग्णांचा आजार लहान मुलांपेक्षा अधिक तीव्र होता. आणखी एक बाब मला फार मोलाची वाटते : कृत्रिम श्वसनावर गेलेल्यांपैकी ८१ टक्के रुग्ण बरे झाले. म्हणजे वेळेवर ओळखले आणि नेटाने उपचार केले, तर अगदी गंभीर अवस्थेतूनही माणूस परत येतो. म्हणूनच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या दक्षतेला मी इतके महत्त्व देते.

विशिष्ट विषाणूंविषयीही पुरेशी माहिती उपलब्ध आहे. अमेरिकेतील मुलांच्या एका अभ्यासात, फ्लूमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण सिकलसेल असलेल्या मुलांत नसलेल्यांच्या तुलनेत ५६ पट आढळले होते. कोविडच्या सुरुवातीच्या महिन्यांत, मार्च ते मे २०२० दरम्यान, एका नोंदवहीत आलेल्या १७८ सिकलसेल रुग्णांपैकी ६९ टक्क्यांना दाखल करावे लागले, ११ टक्क्यांना अतिदक्षता विभाग लागला आणि ७ टक्के मृत्यू पावले. त्यांचे सरासरी वय तिशीच्याही आत होते. ही नोंदवही डॉक्टरांनी स्वेच्छेने भरलेली होती, त्यामुळे घरीच बरे झालेले सौम्य रुग्ण तीत कमी आले असणार, हे लक्षात घेऊनच हे आकडे वाचले पाहिजेत. तरीही तिशीच्या आतल्या माणसांसाठी ते गंभीरच आहेत.

पुणे शहराला श्वसनाच्या विषाणूंची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला मृत्यू झाला तो याच शहरात. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था येथेच आहे. तिची सुरुवात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून झाली. योगायोग असा की भारतात सिकलसेलची पहिली नोंद झाली तीही १९५२ सालीच, निलगिरीच्या आदिवासींमध्ये. विषाणूंचे ज्ञान पुण्याने कमावले. सिकलसेलचे ज्ञान नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या डॉक्टरांना रोजच्या सरावातून मिळाले. हे दोन्ही प्रवाह कॅज्युअल्टीच्या टेबलावर एकत्र येत नाहीत, आणि आमच्या अनुभवातील पहिली उणीव तिथूनच सुरू होते.

कॅज्युअल्टीत नेले तेव्हा भावाला ताप, खोकला आणि बरगड्यांमध्ये व कमरेत असह्य वेदना होत्या. प्रवेशाच्या वेळी अनामत रकमेचा विषय कोणीही काढला नाही, आधी खाट मिळाली, मग कागद झाले. याबद्दल या रुग्णालयाचे मनापासून कौतुक केले पाहिजे. घशाचा नमुना फ्लूच्या पीसीआर तपासणीसाठी लगेच घेतला गेला आणि अहवालाची वाट न पाहता ऑसेल्टामिविर सुरू झाले. हेही अगदी योग्य झाले, कारण हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केले तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो आणि धोक्याच्या गटातील रुग्णासाठी अहवालापर्यंत थांबणे परवडत नाही.

वेदनेच्या बाबतीत मात्र त्याला जी वागणूक मिळाली ती मला मान्य नाही. त्याने स्पष्ट शब्दांत सांगितले की मला दहापैकी नऊ दुखते आहे आणि नागपूरला अशा वेळी मॉर्फिन देतात. औषधाचे नाव त्याने स्वतः घेतले, एवढ्यावरून निवासी डॉक्टरांच्या मनात संशय आला. “तुम्हाला या इंजेक्शनची सवय आहे का?” हा प्रश्न त्याला सर्वांसमोर विचारला गेला आणि पॅरासिटामॉलच्या सलाईनवर त्याला बराच वेळ ठेवले गेले. सिकलसेलच्या तीव्र वेदनेत रुग्ण पोहोचल्यापासून तासाभराच्या आत वेदनाशामक मिळावे आणि दर अर्ध्या ते एका तासाने पुन्हा तपासावे, अशी अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीची २०२० ची मार्गदर्शक शिफारस आहे. येथे पहिल्या तासात प्रश्नच अधिक झाले.

ही केवळ माणुसकीची बाब आहे असे कोणी समजू नये. बरगडी दुखत असलेला माणूस खोल श्वास घेत नाही. उथळ श्वासामुळे फुप्फुसाचा तळभाग मिटू लागतो. मिटलेल्या भागात प्राणवायू पोहोचत नाही, आणि वर सांगितलेली साखळी तेथून सुरू होते. फ्लूने आधीच सुजलेल्या छातीत हे घडू देणे धोक्याचे आहे. उलट बाजूने मॉर्फिन गरजेपेक्षा जास्त झाले तरी श्वास मंदावतो आणि छातीला तेवढाच धोका पोहोचतो. म्हणून वेदनेचे मोजमाप, डोस आणि श्वासाची गती या तिन्हींवर एकाच वेळी लक्ष ठेवणारा माणूस हवा असतो. रात्री उशिरा वरिष्ठ डॉक्टर आल्या, त्यांनी नागपूरचे जुने कागद पाहिले, वजनानुसार मॉर्फिनचा डोस ठरवला आणि माझ्या भावाला म्हणाल्या, “दुखणं कमी झालं की मोठा श्वास घ्यायचा, त्यासाठीच हे देतेय.” हे वाक्य पहिल्या तासात कोणी बोलले असते तर किती बरे झाले असते.

सलाईनविषयीही लिहायला हवे. सिकलसेल म्हटले की भरपूर सलाईन, अशी एक समजूत अनेक ठिकाणी आहे, आणि येथील कॅज्युअल्टीही तिला अपवाद नव्हती. शरीरात पाणी कमी झालेले असेल तर ते भरून काढलेच पाहिजे. पण विषाणूने सुजलेल्या फुप्फुसात जास्तीचे पाणी साचते आणि प्राणवायूची पातळी आणखी खाली येते. वॉर्डात गेल्यावर तोंडाने घेतलेले पाणी आणि सलाईन यांचा एकत्र हिशेब ठेवायला सुरुवात झाली आणि सलाईनचा वेग कमी केला गेला. तेथपासून पुढची सेवा मला चांगल्या दर्जाची वाटली, एक गंभीर अपवाद वगळता.

तो अपवाद हायड्रॉक्सीयुरियाचा. हे औषध त्याला नागपूरच्या सरकारी रुग्णालयातून सुरू झालेले आहे आणि तो ते रोज घेतो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या २९९ प्रौढांच्या चाचणीत हे औषध घेणाऱ्या गटात २५ जणांना ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम झाला, तर न घेणाऱ्यांच्या गटात ५१ जणांना. छातीच्या रक्षणासाठी रोजच्या औषधांपैकी इतका भक्कम पुरावा असलेले दुसरे औषध क्वचितच असेल. वॉर्डाच्या औषधपत्रकावर ते चढवलेच गेले नव्हते. कोणी विचार करून थांबवले असते तर गोष्ट वेगळी. संसर्गात पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट फार घटल्या तर ते काही काळ बंद ठेवावे लागते. येथे त्याच्या पेशी ठीक होत्या आणि औषध निव्वळ राहून गेले होते. मी लक्षात आणून दिल्यावर त्याच दिवशी ते सुरू झाले, हे खरे. तरीही ज्याच्यासोबत असे लक्ष ठेवणारे कोणी नसेल त्याचे काय, हा प्रश्न मी तेथील वैद्यकीय अधीक्षकांना लेखी विचारलेला आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे रुग्णालय इतरांना सुचवेन ती. वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरांनी पहिल्याच सकाळी तीन चेंडूंचे स्पायरोमीटर मागवून घेतले. काही शे रुपयांचे हे प्लास्टिकचे उपकरण बहुतेक ठिकाणी खाटेच्या कडेला पिशवीत पडून असते. येथे सिस्टरांनी त्याला उठवून बसवले, उशी पोटाशी धरायला सांगितली, नळी ओठांत घट्ट धरून हवा आत ओढायची हे दाखवले आणि बजावले, “दादा, चेंडू वर गेला म्हणजे झालं नाही, तो वर थांबला पाहिजे.” दर दोन तासांनी दहा श्वास, जागेपणी चुकवायचे नाहीत, आणि ते झाल्याची खूण तपमानाच्या तक्त्यावरच करायची, अशी त्यांची पद्धत होती. १९९५ साली झालेल्या एका छोट्या पण नेमक्या चाचणीत छाती किंवा पाठ दुखत असलेल्या सिकलसेल रुग्णांना हेच करायला लावले होते. व्यायाम करणाऱ्या गटात १९ पैकी एका प्रसंगात फुप्फुसावर नवी सावली आली, तर न करणाऱ्यांत १९ पैकी आठ प्रसंगांत. इतक्या स्वस्त उपायाचा इतका मोठा परिणाम औषधशास्त्रात फारसा दिसत नाही, आणि तो साधतो तो पूर्णतः सिस्टरांच्या चिकाटीवर. मॉर्फिनची वेळ आणि व्यायामाची वेळ त्यांनी जुळवून घेतली होती, म्हणजे औषधाचा अंमल असताना त्याला श्वास ओढणे सोपे जाई. ही बारकाई कोणत्याही मशीनमध्ये बसवता येत नाही.

हिमोग्लोबिनच्या आकड्यावरूनही रुग्णालयाची समज कळते. माझ्या भावाचे एरवीचे हिमोग्लोबिन आठच्या आसपास असते आणि पांढऱ्या पेशी तो धडधाकट असतानाही सामान्य मर्यादेच्या वर असतात. हे माहीत नसलेला डॉक्टर अहवाल पाहून लगेच रक्त चढवायला निघतो. येथील रक्तविकारतज्ज्ञांनी आधी जुने अहवाल मागितले, त्याचे नेहमीचे हिमोग्लोबिन आणि नेहमीची ऑक्सिजनची पातळी केसपेपरच्या पहिल्या पानावर ठळक लिहून घेतली आणि पुढचा प्रत्येक आकडा त्याच्याशी ताडून पाहिला. रोजच्या रक्ततपासणीत प्लेटलेटकडे त्यांचे विशेष लक्ष होते, कारण त्या दोन लाखांच्या खाली असणे हे आजार बिघडण्याचे लक्षण म्हणून वर उल्लेखलेल्या मोठ्या अभ्यासातही दिसून आले आहे.

अपेक्षेप्रमाणे जे घडायचे ते ताप उतरल्यानंतरच घडले. पहाटेच्या फेरीत त्याची ऑक्सिजनची पातळी एरवीच्या ९६ वरून ९२ वर आलेली दिसली. तो बोलत होता, चहा मागत होता, आणि दुसऱ्या एखाद्या ठिकाणी तरुण मुलाचा ९२ हा आकडा पुढच्या फेरीपर्यंत तसाच राहिला असता. रात्रपाळीच्या सिस्टरांनी तो सोडला नाही. निवासी डॉक्टरांना उठवले, नाकातून ऑक्सिजन सुरू केला आणि एक्स-रे पुन्हा काढायला लावला. दाखल होतानाचा एक्स-रे स्वच्छ होता. या नव्या एक्स-रेवर उजव्या फुप्फुसाच्या तळाशी सावली होती.

तेथून पुढचे निर्णय भराभर आणि नेमके झाले. ऑसेल्टामिविर चालूच होते. त्याच्या जोडीला सेफ्ट्रायॅक्सोन व ॲझिथ्रोमायसिन सुरू केले, कारण विषाणूच्या आड जिवाणू नाही असे त्या क्षणी कोणी खात्रीने सांगू शकत नाही आणि प्लीहा नसलेल्या रुग्णात ती जोखीम घ्यायची नसते. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपॅरिनचे इंजेक्शन सुरू झाले. एका निवासी डॉक्टरांनी स्टेरॉइड देण्याचा विचार मांडला. कोविडच्या अनुभवानंतर तो सहज सुचणारा विचार आहे. रक्तविकारतज्ज्ञांनी तो नाकारला आणि कारणही आम्हाला समजावून सांगितले : सिकलसेलमध्ये स्टेरॉइड थांबवल्यावर वेदनेचा क्रायसिस उलटून येतो आणि रुग्ण पुन्हा दाखल होतो. निर्णयामागचे कारण नातेवाइकांना सांगणारे डॉक्टर विरळा असतात, म्हणून याची मुद्दाम नोंद करते.

रक्त चढवण्याचे ठरले, कारण हिमोग्लोबिन त्याच्या नेहमीच्या पातळीच्याही बरेच खाली आले होते. मी सोबत होते, रक्तगटही जुळत होता; परंतु मी वाहक असल्यामुळे माझे रक्त त्याच्या उपयोगाचे नाही, त्याला सिकल निगेटिव्ह रक्तच हवे, हे रक्तपेढीतील तंत्रज्ञांनी न विचारता सांगितले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी ए-बी-ओ आणि आरएचडी या नेहमीच्या रक्तगटांवर न थांबता आरएचमधील इतर घटक आणि केल नावाचा रक्तघटक हेही जुळवून पिशवी दिली. सिकलसेलच्या रुग्णाला आयुष्यात अनेकदा रक्त लागते. प्रत्येक वेळी थोडे वेगळे रक्त गेले की शरीरात प्रतिपिंडे तयार होतात, मग जुळणारे रक्त मिळेनासे होते आणि चढवलेले रक्त काही दिवसांनी फुटण्याचा धोका राहतो. यामुळे रक्त मिळायला काही तास उशीर झाला, आणि माझ्या मते तो उशीर रास्त होता. हिमोग्लोबिन दहाच्या वर जाऊ द्यायचे नाही, कारण रक्त दाट झाले तर तेच वाहिन्या तुंबवते, हेही काटेकोरपणे पाळले गेले. प्रकृती बिघडलीच तर त्याचे रक्त काढून नवे भरण्याची, म्हणजे एक्सचेंजची, तयारी अतिदक्षता विभागात करून ठेवली होती. ती वेळ आली नाही. दुसऱ्या दिवसापासून ऑक्सिजनची गरज कमी होत गेली.

इतर बाबी थोडक्यात. वॉर्ड स्वच्छ होता. फ्लूच्या रुग्णांना वेगळ्या कक्षात ठेवले होते आणि मास्कचा नियम नातेवाइकांनाही सक्तीचा होता. वॉर्डातील मामा आणि मावशी यांचे वागणे आपुलकीचे होते. जेवण बेताचे. रात्री सोबत थांबणाऱ्यासाठी एक खुर्ची, त्यापलीकडे काही नाही.

खर्चाच्या बाबतीत एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी. हे रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आहे आणि तेथील आरोग्यमित्राच्या खिडकीवर रेशन कार्ड व आधार दाखवल्यावर प्रक्रिया सुरू होते. याशिवाय मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. ही माहिती फलकावर होती, पण फलक लिफ्टच्या मागे होता, आणि वैद्यकीय समाजसेवकांपर्यंत आम्हाला कोणी आपणहून पाठवले नाही. शेजारच्या खाटेवरील आजोबांच्या मुलाने सांगितले तेव्हा कळले. सरकारी रक्तपेढ्यांत सिकलसेलच्या रुग्णाला रक्त विनाशुल्क मिळते, हेही येथे कोणी सांगितले नाही.

डिस्चार्ज कार्डाने मात्र माझी घोर निराशा केली. अंतिम निदानाच्या रकान्यात फक्त फ्लू आणि न्यूमोनिया लिहिले होते. सिकलसेलचा उल्लेख पूर्वेतिहासात एका ओळीत होता आणि ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम हे शब्द कोठेही नव्हते, जरी सगळा उपचार त्याचाच झाला होता. पुढच्या वेळी रात्री-अपरात्री तो दुसऱ्या शहरात दाखल झाला, तर समोरच्या डॉक्टरांच्या हातात हेच कार्ड असेल. एकदा ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम झालेल्याला तो पुन्हा होण्याची शक्यता अधिक असते, आणि ही गोष्ट त्यांना पहिल्या मिनिटाला कळली पाहिजे. दुसरे म्हणजे, रुग्णालयांतील निदानांची गणती याच कागदांवरून होते. सरकारने १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, १७ राज्यांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणी आवश्यकच आहे. परंतु जे आज प्रौढ आहेत ते फ्लूने, आरएसव्हीने, कोविडने दाखल झाल्यावर त्यांचे पुढे काय होते, हे आपल्या शहरात कळायचे असेल, तर निदानाच्या रकान्यात त्यांचा आजार लिहिलेला असला पाहिजे. फ्लू म्हणून नोंदलेला माणूस फ्लूच्या आकड्यात जातो आणि सिकलसेलच्या हिशेबातून नाहीसा होतो. आम्ही लेखी विनंती केल्यावर कार्ड दुरुस्त करून मिळाले. त्यात नेहमीचे हिमोग्लोबिन, नेहमीची ऑक्सिजन पातळी, चढवलेल्या रक्ताचे घटक आणि मॉर्फिनचा लागू पडलेला डोस एवढे सगळे रक्तविकारतज्ज्ञांनी स्वतःच्या अक्षरात भरून दिले.

लसीकरणाचा सल्ला आम्हाला विचारून घ्यावा लागला, तो खरे तर छापील असायला हवा होता. पुण्यात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, म्हणून सिकलसेलच्या रुग्णाने दरवर्षीची लस एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी. यंदा फ्लू होऊन गेला तरी लस घ्यायची असते, कारण फ्लूचे प्रकार एकाहून अधिक आहेत आणि एकाचा संसर्ग दुसऱ्यापासून पुरेसे संरक्षण देत नाही. न्यूमोकोकसची संयुग्म (कॉन्ज्युगेट) लस देशभरातील बालकांच्या सरकारी लसीकरणात २०२१ मध्ये आली, त्यामुळे आज विशी-पंचविशीत असलेल्या सिकलसेल रुग्णांपैकी बहुतेकांना ती लहानपणी मिळालेली नाही आणि ती आता स्वतंत्रपणे घ्यावी लागते. याच रुग्णालयातील प्रौढ लसीकरणाचा विभाग या कामी उत्तम आहे. भावाला तेथे आधी संयुग्म लस दिली गेली, २३ प्रकारांची पॉलिसॅकराइड लस त्यानंतर किमान आठ आठवड्यांनी द्यायची हे तारखेसह कार्डावर लिहून मिळाले, आणि मेनिंगोकोकसच्या लसीविषयीही तेथील डॉक्टरांनीच विषय काढला. वेळ फोनवर ठरवता येते, रांगेत ताटकळावे लागत नाही, लस शीतपेटीतून समोर काढून तिची मुदत दाखवली जाते. रुग्णालयाच्या या भागाबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही.